धीर आणि शांती : 'स्मृतिचित्रे' आणि बोनहॉफरची कारागृहातील पत्रे

श्रद्धेमुळे मनाला शांती लाभली, असे एखादा लेखक आपल्या आत्मपर लेखनात सांगतो, तेव्हा साहित्याचा अभ्यासक त्या विधानाचे काय करतो? बहुधा काहीच करत नाही. ते विधान चरित्रातील तपशील म्हणून नोंदवले जाते, किंवा धर्मांतर, वसाहतवाद, मिशनकार्य यांच्या समाजशास्त्रीय चर्चेत विरघळून जाते. ज्या वाचकाला ते विधान जिव्हाळ्याचे वाटते, तो ते उपासनेच्या पुस्तकात नेऊन ठेवतो. मधल्यामध्ये संहिता न वाचलेलीच राहते. चिंतेच्या काळी श्रद्धेने नेमके काय दिले, कोणत्या शब्दांत दिले आणि ते सांगण्यासाठी लेखकाला कोणता वाङ्मयप्रकार जवळचा वाटला, हे प्रश्न समीक्षेचे आहेत, असे मला वाटते. आणि ते विचारण्यासाठी येथे दोन संहिता शेजारी ठेवल्या आहेत. एक, लक्ष्मीबाई टिळक यांची 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६). दुसरी, जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांनी १९४३ ते १९४५ या काळात बंदिवासातून लिहिलेली आणि १९५१ साली ग्रंथरूप झालेली पत्रे व टिपणे.

या दोहोंत प्रभावाचा संबंध नाही. लक्ष्मीबाई १९३६ च्या फेब्रुवारीत निवर्तल्या. बोनहॉफरने मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा परिचय करून घेतल्याची कोणतीही खूण त्याच्या लेखनात आढळत नाही. हिंदुस्थानशी त्याचा एक धागा होता, तो तुटलेला धागा आहे : १ नोव्हेंबर १९३४ रोजी गांधीजींनी त्याला आपल्याकडे येऊन राहण्याचे निमंत्रण दिले होते. तो तेव्हा लंडनमध्ये जर्मन मंडळीचा पाळक होता. पुढच्याच वर्षी 'कन्फेसिंग चर्च'च्या धर्मशिक्षणालयाची जबाबदारी त्याच्यावर आली आणि ही यात्रा राहून गेली. त्याच १९३४ साली 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग प्रसिद्ध झाला, हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर मला काही उभारायचे नाही. तुलनेचा आधार निराळा आहे. या दोन्ही लेखकांकडे वाचक शांती मागत आले. दोघांनी दिली ती वस्तू दुसरीच होती. त्या वस्तूसाठी मराठीत एक नेमका शब्द आहे : धीर.

हा शब्द थोडा बारकाईने पाहण्याजोगा आहे. संस्कृतात 'धीर' हे मुख्यतः विशेषण आहे. अविचल, गंभीर, विवेकी असा पुरुष धीर असतो. मराठीत त्याचे नाम झाले आणि त्याबरोबर त्याचा स्वभावही पालटला. मराठीत धीर असतो त्यापेक्षा अधिक वेळा तो दिला जातो, धरला जातो, सुटतो, खचतो. 'शांती देणे' हा प्रयोग आपण देवाच्या किंवा मृतात्म्याच्या संदर्भात करतो; धीर मात्र शेजारीण देते, बाळंतिणीजवळ बसलेली आत्या देते, पूर आलेल्या रात्री पलीकडच्या माळवदावरून हाक मारणारा देतो. धीर देणाऱ्याच्या स्वतःच्या मनात भीती नसावी, अशी अट या शब्दात नाही. ज्याला धीर मिळाला त्याची भीती संपली, असेही हा शब्द म्हणत नाही. भीती तशीच असते. माणूस तिच्यासकट उभा राहतो. 'चिंता' या शब्दाकडेही असेच पाहता येईल. तो 'चिंतना'च्याच धातूचा आहे, म्हणजे आपल्या भाषेच्या दृष्टीने चिंता हा विचाराचाच एक थांबत नसलेला प्रकार आहे. कीर्केगार्डने १८४४ साली भय आणि चिंता यांत जो भेद केला, एकाला विषय असतो आणि दुसरीला नसतो, तो मराठीत सांगताना आपल्याला अडखळावे लागते, ते यामुळेच. आपली चिंता नेहमी कशाची तरी असते : पोराची, पावसाची, कर्जाची.

मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी हा शब्द कोठे योजला आहे, ते पाहणे उद्बोधक आहे. ग्रीक नव्या करारात 'थार्सेइन' हे क्रियापद येशूच्या तोंडी मोजक्याच प्रसंगी येते : पक्षाघाती मनुष्यासमोर, रक्तस्रावाने पीडित स्त्रीसमोर, वादळात सापडलेल्या होडीतील शिष्यांसमोर, आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या सोळाव्या अध्यायाअखेरीस निरोपाच्या बोलण्यात. या शेवटच्या स्थळी प्रचलित मराठी भाषांतर 'धीर धरणे' हाच प्रयोग करते. शांती हा शब्दही त्याच वचनात आहे. परंतु रचना अशी आहे की शांतीच्या वचनानंतर लगेच क्लेशांची खात्री दिली जाते आणि धीर धरण्यास सांगितले जाते ते त्या क्लेशांच्या संदर्भात. शांती आणि धीर ही येथे एकाच अवस्थेची दोन नावे नाहीत. पहिली देणगी आहे, दुसरी आज्ञा.

मराठी वाचक मात्र शांती हा शब्द रिकाम्या मनाने वाचत नाही. संतपरंपरेने तो शब्द भरून ठेवला आहे. एकनाथांना आपण 'शांतिब्रह्म' म्हणतो आणि त्यांची आठवण काढताना गोदावरीच्या वाटेवर अंगावर पुनःपुन्हा थुंकणाऱ्या माणसाची कथा सांगतो : प्रत्येक वेळी नाथ शांतपणे पुन्हा स्नानास जातात. शांती म्हणजे क्षोभ न होणे. काव्यशास्त्राने शांतरसाच्या स्थायिभावाविषयी वाद घातले, तो शम मानावा की निर्वेद याविषयी मतभेद राहिले. परंतु वृत्तींचा उपशम ही दिशा सर्वांना मान्य होती. ही फार मोठी आणि पूर्ण अशी कल्पना आहे. तिच्यामुळे मराठीत ख्रिस्ती अनुभव सांगणाऱ्या लेखकापुढे एक अडचण उभी राहते. त्याने शांती म्हटले की वाचक नाथांची शांती ऐकतो.

नारायण वामन टिळकांनी ही अडचण संधी म्हणून स्वीकारली. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. 'अभंगांजली'तील रचनांत त्यांनी अभंगाचा साचा, त्यातील आर्त आणि त्यातील विसावा यांसह उचलला. याचे मोल कमी नाही; मराठी मंडळ्यांना गाण्यासाठी स्वतःची भाषा मिळाली ती यातून. परंतु अभंगाला एक उतार असतो. आर्ताने सुरू झालेला अभंग नाममुद्रेपाशी येऊन बसतो. शेवटच्या चरणात 'दास म्हणे' किंवा 'तुका म्हणे' असे काही आले की बोलणे मिटते, आणि मिटलेले बोलणे ऐकणाऱ्याला शांतीसारखेच भासते. अभंग कवीला अस्वस्थ राहू देत नाही, असे मी म्हणणार नाही. तुकोबांचेच शेकडो अभंग मला खोटे पाडतील. परंतु उपासनेत जे अभंग गायले जातात त्यांची निवड पाहिली, तर विसाव्याकडचा कल स्पष्ट दिसतो.

लक्ष्मीबाईंनी गद्य लिहिले. टिळकांचे चरित्र सिद्ध करण्याच्या निमित्ताने चिरंजीवांनी, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आठवणी मागितल्या आणि त्यातून हे पुस्तक वाढत गेले. आठवणीला नाममुद्रा नसते; तिच्या पाठोपाठ दुसरी आठवण येते. म्हणून 'स्मृतिचित्रे'त एखाद्या संकटातून सुटका झाली, की त्याच परिच्छेदाच्या पायाशी पुढची भानगड उभी असते : पाहुणे येतात, पैसे संपलेले असतात, टिळक घरखर्चाची रक्कम कोणाच्या तरी हातावर ठेवून मोकळे परतलेले असतात. मराठी समीक्षेने या पुस्तकाच्या विनोदाचे, निरागसतेचे, अकृत्रिम शैलीचे कौतुक केले आणि ते यथार्थच आहे. तथापि हा विनोद लेखिकेच्या स्वभावाच्या खात्यावर जमा झाला आणि श्रद्धा तिच्या चरित्राच्या खात्यावर. दोन्ही खाती एकाच घरची आहेत, हे क्वचितच ध्यानात घेतले गेले.

पुस्तकाचा आरंभ ज्या भीतीने होतो तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या मातामहांना फाशी झाली. त्यांच्या वडिलांवर, नाना गोखल्यांवर, या घटनेचा जो आघात झाला त्याचे रूपांतर सोवळ्याच्या विलक्षण वेडात झाले. घरात येणारी प्रत्येक वस्तू, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेतली जाई. लक्ष्मीबाई हे सारे हसत हसत सांगतात आणि आपणही हसतो. परंतु घटनांचा क्रम पाहा. आधी राजसत्तेने केलेला वध आहे. नंतर पाणी आहे. जे मुळात धुता येण्यासारखे नव्हते ते धुण्याचा हा उद्योग आहे. चिंतेचे यापेक्षा नेमके चित्र मराठी आत्मचरित्रात मला दुसरे आठवत नाही. भीतीला विषय होता, फाशी. तो विषय नाहीसा झाल्यावर भीती सगळ्या वस्तूंवर पसरली. मघाशी म्हटले की आपली चिंता नेहमी कशाची तरी असते. नाना गोखल्यांच्या घरी ती प्रत्येक गोष्टीची झाली. कीर्केगार्डचा भेद मराठीत सांगताना अडखळायला होते खरे, पण लक्ष्मीबाईंनी तो एका घराच्या मोरीत दाखवून दिला आहे.

या आरंभाशी राहुरीचा प्रसंग जोडून वाचावा लागतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाईंनी माहेरच्या माणसांच्या आश्रयाने, पतीपासून दूर काढली. या वियोगाच्या पानांत शांती कोठेही नाही. आक्रोश आहे, हट्ट आहे, अपमान आहे, आणि दुःख पद्यात मांडण्याची नवी सवय आहे. पुढे त्या पतीकडे राहावयास आल्या, तरी सोवळे होतेच. राहुरीस एके दिवशी बसल्या बसल्या त्यांच्या मनात जातिभेदाविषयी विचारांची मालिका सुरू झाली : हे भेद ईश्वराने केले की माणसाने? उत्तर मिळाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. धर्मांतराच्या प्रचलित कथनात आधी श्रद्धा येते, तिने मन शांत होते आणि मग आचार बदलतो. येथे आधी स्पर्शाची भीती जाते. नाना गोखल्यांच्या मोरीत जे सुरू झाले ते त्यांच्या लेकीच्या हातून राहुरीस थांबते, आणि श्रद्धा त्या मोकळ्या झालेल्या जागेत येते.

यानंतर अहमदनगरच्या प्लेगची प्रकरणे वाचली म्हणजे या रचनेचा अर्थ उमगतो. प्लेगच्या काळी माणसाने माणसापासून दूर व्हावे, हीच रीत होती. घरेच्या घरे गावाबाहेर झोपड्यांत जात. अशा वेळी आजाऱ्यांच्या शुश्रूषेस मागे राहणारी ही बाई नाना गोखल्यांची मुलगी आहे, हे वाचकाने विसरता कामा नये. ती निर्भय झालेली नाही. आपण किती घाबरलो हे ती मनमोकळेपणाने सांगते आणि त्यावर हसते. हे हसू मला या पुस्तकातील सर्वांत धार्मिक गोष्ट वाटते. जिला आपली भीती लपवायची गरज उरली नाही, तिचे ते हसू आहे. आणि जी आपल्या भीतीला हसू शकते ती दुसऱ्याच्या भीतीजवळ बसू शकते. २०२० साली आपण सर्वांनी दारातल्या भाजीच्या पिशव्या धुतल्या तेव्हा मला नाना गोखले आठवले होते. त्यांच्या लेकीची आठवण व्हायला थोडा वेळ लागला, हे कबूल करतो.

बोनहॉफरचा प्रसंग सर्वस्वी वेगळा आहे. तो जन्मतः ख्रिस्ती, बर्लिनच्या प्राध्यापकाचा मुलगा, स्वतः पंडित. ५ एप्रिल १९४३ रोजी त्याला अटक झाली आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवण्यात आले. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास महिनाही उरला नसताना, फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आली. वय एकोणचाळीस. त्याची पत्रे त्याचा मित्र एबरहार्ड बेथगे याने 'विडरश्टान्ड उन्ड एरगेबुंग' या नावाने प्रसिद्ध केली. हे नाव बोनहॉफरच्याच २१ फेब्रुवारी १९४४ च्या पत्रातील विवेचनावरून घेतलेले आहे : नियतीला प्रतिकार कोठवर करावा आणि तिच्या स्वाधीन कोठे व्हावे, याची सीमारेषा त्यात तो शोधतो आहे. यातील 'एरगेबुंग'ला मराठीत 'शरणागती' म्हणता येईल, आणि हा शब्द जर्मन शब्दाइतकाच दुधारी आहे. हरलेले सैन्य शरण जाते आणि भक्तही शरण जातो. इंग्रजी आवृत्तीने नाव बदलून 'लेटर्स अँड पेपर्स फ्रॉम प्रिझन' असे केले. ते निर्विकार आहे आणि त्यात तो ताण हरवला.

या संग्रहात दोन प्रकारची पत्रे आहेत आणि त्यांच्यातील फरक हा माझ्या मते त्याच्या वाचनाची किल्ली आहे. आईवडिलांना लिहिलेली पत्रे तपासनिसांच्या नजरेखालून जात. त्यांत बोनहॉफर शांत आहे : जेवण ठीक आहे, पुस्तके मिळाली, अंगणात पक्षी आहेत, काळजी करू नका. नोव्हेंबर १९४३ पासून बेथगेला जी पत्रे चोरवाटेने जाऊ लागली त्यांत आवाज बदलतो. आपल्याला ग्रासणाऱ्या विषण्णतेची, मध्ययुगीन मठवासी जिला 'अॅसिडिया' म्हणत तिची, कबुली तो या मित्रापाशी देतो. अटकेनंतरच्या पहिल्या आठवड्यांतील टिपणांत आत्महत्येचा विचारही नोंदलेला आहे. म्हणजे या संग्रहातील बरीचशी शांती ही तपासनिसासमोरची शांती आहे. ती खोटी आहे असे नव्हे. म्हाताऱ्या आईवडिलांना धीर देण्यासाठी मुलगा शांतपणे लिहितो, हे आपल्याकडच्या कोणाही पत्रलेखकाला समजेल. परंतु ती त्याच्या मनाची अवस्था म्हणून उद्धृत करणे हे वाचनातील ढळढळीत प्रमाद होय. १९४४ च्या उन्हाळ्यात लिहिलेल्या 'व्हेअर बिन इख?' या कवितेचा विषय हीच विसंगती आहे : कोठडीतून बाहेर येताना लोकांना दिसणारा निर्धास्त, हसतमुख माणूस, आणि स्वतःला ठाऊक असलेला अस्वस्थ, थकलेला माणूस, यांतला खरा कोण? कविता निर्णय देत नाही. ती प्रश्न ईश्वराच्या स्वाधीन करते आणि तेथे थांबते.

जानेवारी १९४४ च्या अखेरच्या पत्रातील एक प्रसंग मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. बर्लिनवर बॉम्बवर्षाव चालू आहे. कैदी जमिनीवर पडून आहेत. एरवी थट्टेखोर असलेला एक जण देवाचे नाव घेऊन ओरडू लागतो. बोनहॉफर लिहितो, की त्याला ख्रिस्ती म्हणता येईल असा काही दिलासा देणे माझ्याने झाले नाही. मी घड्याळाकडे पाहिले आणि आणखी फार तर दहा मिनिटे, एवढेच म्हणालो. हे ठरवून केले नाही, ओघाने झाले. बहुधा या क्षणाचा धार्मिक खंडणीसाठी उपयोग करू नये, अशी भावना त्यामागे असावी, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. क्रुसावर येशूनेही शेजारच्या चोरांचे मन वळवण्याचा यत्न केला नाही, याकडे तो लक्ष वेधतो.

हा प्रसंग बोनहॉफरच्या निधर्मी वाचकांना प्रिय आहे, कारण त्यांना त्यात धर्म मागे टाकलेला माणूस दिसतो. भाविक वाचक तो सहसा वगळतात. दोन्ही वाचने अपुरी आहेत. २९ मे १९४४ च्या पत्रात ईश्वराला आपल्या अज्ञानाच्या फटी बुजवण्यासाठी वापरू नये, असे तो म्हणतो. घड्याळाचा प्रसंग हा त्याच विचाराचा, विचार सुचण्याआधी घडलेला, दाखला आहे. भीती ही ईश्वराला आत ओढण्याची फट नव्हे. भ्यालेल्याला जे खरे आहे ते, म्हणजे वेळ, सांगावी. ज्याने हे केले तो माणूस रोज स्तोत्रसंहिता वाचत होता, पाउल गेरहार्टची गीते मनात घोळवत होता, मंडळीच्या उपासना-वर्षाचे सण एकट्याने पाळत होता. हे बाजूला ठेवून त्या दहा मिनिटांचा अर्थ लागत नाही.

येथे एका आक्षेपाचा उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे होईल. आमच्या वर्गात मराठी मातृभाषा असलेले विद्यार्थी अल्पसंख्य आहेत. मिझोराममधून आलेल्या एका विद्यार्थिनीने या मांडणीवर विचारले, की तुम्ही श्रद्धेतून हसू घेतले, घड्याळ घेतले. प्रार्थना कोठे गेली? तिच्या प्रश्नात रोष होता आणि तो रास्त होता. धीर हा शब्द मराठीत इतका लौकिक आहे, की त्याच्या आडून श्रद्धेलाच लौकिक करून टाकण्याचा मोह समीक्षकाला होतो. माझे उत्तर अर्धवट होते आणि आजही आहे. या लेखकांत प्रार्थना ही मनःस्थिती म्हणून दिसत नाही, ती दिनचर्या म्हणून दिसते. पंडिता रमाबाईंची कन्या मनोरमा १९२१ साली वारली. रमाबाई स्वतः ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. मधले महिने त्या केडगावी बायबलच्या भाषांतराचे काम करत होत्या आणि मृत्यूपूर्वी ते त्यांनी पुरे केले. टिळक १९१९ च्या मे महिन्यात निवर्तल्यावर त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी हाती घेतले आणि त्याचा बहुतेक भाग त्यांनी लिहिला. ज्या बाईला शिक्षण बेताचेच मिळाले होते तिने अध्यायामागून अध्याय ओव्या रचल्या. या कामाला शोकातून मिळालेली शांती म्हणावे, तर तसा दावा स्वतः लक्ष्मीबाईही करीत नाहीत. रोज ठरावीक वेळी बसायचे, पुढची ओवी करायची, उठायचे. माझ्या विद्यार्थिनीला प्रार्थना शोधायची असेल तर ती येथे शोधावी, असे मी तिला सांगितले. तिचे समाधान झाले नाही.

आता स्वीकाराच्या इतिहासाकडे वळतो, कारण धिराची शांती कशी होते हे तेथे हातावरच्या रेषेसारखे दिसते. डिसेंबर १९४४ मध्ये बोनहॉफरने आपल्या वाग्दत्त वधूला लिहिलेल्या पत्रासोबत सात कडव्यांचे एक गीत पाठवले. 'फोन गूटेन मेख्टेन' या आरंभीच्या शब्दांनी ते ओळखले जाते आणि जर्मन घरांत, विशेषतः वर्षाअखेरीस, ते गायले जाते. मूळ रचनेत मध्यावर कडू प्याल्याचे कडवे आहे. तो प्याला काठोकाठ भरलेला असला तरी न थरथरता घेण्याची तयारी त्यात बोलून दाखवली आहे. दिलाशाचे कडवे शेवटी, एकदाच येते. १९७० साली झीगफ्रीड फिट्झने या गीताला जी लोकप्रिय चाल दिली तिच्यात हे शेवटचे कडवे ध्रुपद झाले. आता प्रत्येक कडव्यानंतर दिलासा परत येतो. कडू प्याल्यानंतरही लगेच येतो. जे सहा कडवी चालून गाठायचे होते ते आता पावलोपावली मिळते. चाल गोड आहे, आणि शोकाकुल माणसांना तिने खरोखर आधार दिला असेल. पण कवितेचे व्याकरण बदलले. फाशीच्या वेळी तो किती शांत होता याचे जे वर्णन छावणीच्या डॉक्टरने युद्धानंतर दिले, तेही असेच चरित्रांतून ध्रुपदासारखे फिरत राहिले. पुढील अभ्यासकांनी त्याच्या विश्वसनीयतेविषयी गंभीर शंका उपस्थित केल्या तरी ते हटले नाही. वाचकांना ते हवे होते.

'स्मृतिचित्रे'च्या वाट्याला ध्रुपद आले नाही. भाषांतरांची नावे आली. जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० च्या भाषांतराचे नाव 'आय फॉलो आफ्टर' असे आहे. ते पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्राच्या जुन्या इंग्रजी भाषांतराची आठवण देते, आणि पतीमागून जाणाऱ्या पत्नीचीही. १९५६ च्या संक्षिप्त आवृत्तीचे नाव 'फ्रॉम ब्रह्मा टु ख्राइस्ट', म्हणजे पुस्तकातली सारी वळणे काढून टाकून प्रवासाची दोन टोके. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतराने मूळ नाव राखून त्याला जोडले ते 'मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ'. पहिल्या दोन नावांत श्रद्धा आहे आणि बाईचा धीर नाही. तिसऱ्यात बाईचा धीर आहे आणि श्रद्धा नाही. भाषांतरकारांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपल्या काळच्या वाचकाला हाक मारली. दोन्ही एकत्र सांगणारे नाव इंग्रजीत सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ असेल.

मराठीतही सगळे सोपे आहे, असे नाही. मागील सत्रात घड्याळाचा प्रसंग मराठीत करण्याचा स्वाध्याय मी दिला होता. बोनहॉफर तेथे दोन जर्मन क्रियापदे वापरतो : एकात 'मूट' म्हणजे धैर्य आहे, दुसरे सांत्वनाचे आहे. पहिल्यासाठी जवळजवळ सर्वांनी 'धीर देणे' लिहिले, कारण दुसरा शब्दच सुचत नाही. मग वाक्य असे झाले, की मला त्याला ख्रिस्ती धीर देता आला नाही, मी घड्याळ पाहिले आणि दहा मिनिटे म्हणालो. वाचून दाखवताना एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की मराठीत हे वाक्य स्वतःलाच खोडून काढते. घड्याळ पाहून आणखी दहाच मिनिटे असे म्हणणे म्हणजेच तर धीर देणे. 'ख्रिस्ती' हे विशेषण काढून पाहिले, तर वाक्य खोटे ठरले. ठेवले, तर त्या विशेषणाचा अर्थ काय, यावर तासभर वाद झाला. शेवटी त्या विद्यार्थ्याने त्या जागी क्रियापद न लिहिता रेघ ओढून ठेवली आणि तसाच कागद माझ्याकडे दिला.